खारूनवरचा पूल बघायला गेलो तेव्हा

वर्ध्याहून गाडी सुटली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. रायपूरला मी याआधी तीनदा गेलो होतो. एकदा भाचीच्या बारशाला, एकदा धाकट्या बहिणीच्या घरभरणीला आणि एकदा मेहुणे वारले तेव्हा. या खेपेला ना बारसं होतं ना घरभरणी. सुनंदाने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोन करून बोलावून घेतलं होतं.

"दादा, तू ये. मी बोलली का ती हसते. तुह्या शब्दाले मान देते ती. तिले सांग, नोकरी सोड म्हणा."

ती म्हणजे प्रज्ञा, सुनंदाची एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. रायपूरच्या बाहेर खारून नदीवर एक मोठा पूल बांधला जातो आहे. तिथे ती आठ महिन्यांपासून सुरक्षा अधिकारी आहे. उंचावर चढणाऱ्या माणसांचे कमरेचे सुरक्षा पट्टे तपासायचे, कोणी वर जायचं आणि कोणी नाही ते ठरवायचं, आणि गरज पडली तर स्वतःही वर चढायचं, असं तिचं काम.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सल्ला द्यायची सवय अंगात मुरलेली. पण गोंदिया मागे पडलं, दरेकसाचा बोगदा आला, डोंगरगडची टेकडी खिडकीतून सरकत गेली, तरी प्रज्ञाला नेमकं काय सांगायचं ते मला सुचेना. तिचे वडील रेल्वेत होते. नागपूरकडून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मुलीने इंजिनिअर व्हावं ही त्यांचीच इच्छा. ती झाली. आता तिला म्हणायचं, की झालीस तेवढं पुरे, आता खाली उतर?

स्टेशनवर सुनंदा स्वतः घ्यायला आली होती. दोन वर्षांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते. समता कॉलनीच्या मागच्या गल्लीतल्या तिच्या घरी पोचलो, तर ताटात एकीकडे झुणका आणि दुसरीकडे फरा (तांदळाच्या पिठाचे उकडून फोडणीला टाकलेले लांबट मुटके) आणि टमाट्याची झणझणीत चटणी. पस्तीस वर्षांत तिचं स्वयंपाकघर असं दोन्हीकडचं झालं आहे. मी दोनदा मागून घेतलं. ती मात्र चिवडत बसली होती, आणि दर थोड्या वेळाने तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होतं.

"सात वाजता येते ती," सुनंदा म्हणाली. "सव्वासात झाले का मले काही सुचत नाही."

प्रज्ञा सात वाजून पाच मिनिटांनी आली. दारातच जाड बूट काढले, पांढरं हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि पाया पडली. पोरीला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

"मामा, मम्मी ने बुलाया ना आपको? मुझे समझाने?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत राहिली.

"हो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"ठीक है. पर पहले एक बार साइट देख लो, फिर जो बोलना है बोलो. परसों बड़ा गर्डर चढ़ेगा. पब्लिक के लिए जगह बनी है, वहाँ से सब दिखता है. मम्मी आठ महीने में एक बार भी नहीं आई."

"मले नाही पाहायचं," सुनंदा पाठमोरीच म्हणाली. "तू तिथं लटकून राहिली, अन मी खाली उभी राहून पाहू काय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला गेलो. पाण्याभोवती दिवे लागले होते, लोक गुपचुप (पाणीपुरी) खात उभे होते. सुनंदा एका बाकावर बसली आणि आपण होऊन बोलू लागली. रस्त्यावर ॲम्बुलन्सचा भोंगा वाजला की ती हातातलं काम टाकून उभी राहते. टीव्हीवरच्या बातम्या तिने बंद केल्या आहेत. दुपारी शेजारीण बोलवायला आली, तरी फोन घेतल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नाही.

"लोक म्हणतात, पोट्टी मोठी साहेब झाली. मले काय वाटते ते मलेच माहीत," ती म्हणाली.

तेव्हाच मी तिला म्हटलं, "उद्या आपण जाऊ. न पाहता जे डोळ्यांपुढे येतं, ते खऱ्यापेक्षा नेहमी मोठं असतं." मला हे वाक्य बरं साधलं असं वाटलं होतं. शिक्षकांना असं वाटतं.

सकाळी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खाऊन आम्ही ऑटोने निघालो. प्रज्ञा पहाटेच गेली होती. गर्डर चढवताना वरच्या माणसांचे फोन बंद ठेवायला लावतात, तेव्हा फोन करू नका, असं तिने बजावलं होतं. उरला या कारखान्यांच्या वस्तीपाशी आलो आणि हवेचा रंगच बदलला. पोलादाच्या कारखान्यांची काळी धूळ झाडांच्या पानांवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर, सायकलवरून पाळीवर निघालेल्या माणसांच्या भुवयांवर बसलेली. सळया लादलेल्या ट्रकांच्या रांगेत आमचा ऑटो अडकला आणि तिथेच त्याचं मागचं चाक बसलं.

"पाँच मिनट, अंकल," ऑटोवाला म्हणाला, आणि चाक बदलायला त्याने अर्धा तास घेतला. सुनंदा रस्त्याच्या कडेला तोंडावर पदर धरून उभी होती.

"दादा, परत जाऊ काय?" तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

नदीच्या काठाशी, पायासाठी उकरलेल्या मातीचा एक मोठा उंचवटा सपाट करून तिथे कठडा घातला होता. वर पत्र्याचं छप्पर, पाच-सहा सिमेंटचे बाक, आणि पाटी: 'निर्माण कार्य दर्शन स्थल. रेलिंग पर न झुकें.' लोक काम बघायला वाटेल तिथे घुसत होते, म्हणून ही सोय केलेली. शनिवार असल्याने गर्दी होती. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, डबे उघडून बसलेली कुटुंबं, फोटो काढणारी कॉलेजची पोरं. जत्राच म्हणा.

आम्ही कठड्याशी गेलो. खाली खारून हिवाळ्यातली, बारीक, हिरवट, वाळूत दोन-तीन धारांनी वाहणारी. पलीकडच्या तीरावर कापणी झालेली धानाची शेतं. आणि या सगळ्यावर, नदीच्या पात्रातून उठलेले राखाडी खांब, एका रांगेत. अर्ध्या खांबांवर पूल चढला होता, अर्धे उघडे होते. जिथे पूल संपत होता तिथे दोन प्रचंड क्रेन एका लांबलचक गर्डरला (खांबांवर आडव्या बसणाऱ्या तुळईला) दोन टोकांनी उचलत होत्या. खांबाच्या माथ्याभोवती लोखंडी परांची होती आणि तिच्यावर माणसं. इतक्या दुरून ती काड्यापेटीतल्या काड्यांएवढी दिसत होती.

मी सवयीने मोजलं. दोन पांढरी हेल्मेटं, पाच पिवळी. एकूण सात.

"पांढरं इंजिनिअरलोकांचं असते," सुनंदा हळूच म्हणाली. "त्यातली एक आपली असन."

कठड्याजवळच एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती. चाळिशीची असावी, कपाळावर गोंदण.

"बिही ले लव दीदी, मीठ हे," ती म्हणाली. बिही म्हणजे पेरू. सुनंदा तिच्याशी छत्तीसगढीत बोलू लागली, मला सगळं कळलं नाही. बाईचं नाव रमशीला. तिने हात लांब करून त्याच खांबाकडे दाखवलं.

"मोर घरवाला घलो उहाँ हे. ऊपर म." माझा नवराही तिथेच आहे, वर. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर सरळसरळ अभिमान होता.

"तुले भेव नाही वाटत?" सुनंदाने आपल्या मराठीतच विचारलं.

रमशीलाला ते समजलं. ती हसली. "लागथे दीदी. तेकरे सेती इहें बइठथों." वाटतं, म्हणूनच तर इथे येऊन बसते.

आमच्या शेजारी गळ्यात दुर्बीण लटकवलेले एक वयस्क गृहस्थ होते. निवृत्तीनंतर रोज इथे येतो, असं त्यांनीच सांगितलं. कोणता गर्डर कधी चढला हे त्यांना पाठ होतं. "देखिए, अब धीरे-धीरे घुमाएँगे," ते म्हणाले. गर्डर खरोखरच हळूहळू वळू लागला. लोकांनी फोन वर केले. मलाही मजा वाटू लागली होती, हे कबूल करतो.

मग गर्डरचं डावं टोक थांबलं आणि उजवं थांबलं नाही.

आवाज नंतर आला. आधी मी फक्त पाहिलं. तुळई कलली, झोक्यासारखी आत आली आणि परांचीला घासून गेली. परांचीचा एक कोपरा कागदासारखा दुमडला. मग तो आवाज आला आणि त्याच्यामागून भोंगा. खांबाच्या माथ्यावर सिमेंटच्या धुळीचा ढग उठला आणि काही दिसेनासं झालं.

आमच्याकडे एक लहान मूल रडू लागलं, डबे उघडून बसलेली माणसं उठून कठड्याशी आली.

धूळ खाली बसली तसं मी मोजलं. पिवळी चार. पांढरं एक. पुन्हा मोजलं. तेवढीच.

"दुर्बीणवाले भाईसाहब, क्या दिख रहा है?" कोणीतरी विचारलं.

"एक आदमी लटका है, बेल्ट पर. और..." ते थांबले. "एक सफेद हेलमेट नीचे गिरा है. पानी में."

सुनंदाने त्यांच्या हातातून दुर्बीण जवळजवळ ओढूनच घेतली. डोळ्यांना लावली, पण रोख एका जागी ठरेना, तिला आकाशाशिवाय काही दिसलं नसावं. मी तिच्याकडून घेतली. माझीही तीच गत. मग तिने फोन काढला. 'आप जिस नंबर से संपर्क करना चाहते हैं, वह अभी बंद है.' पुन्हा लावला. पुन्हा तेच. फोनमधली बाई तीच ओळ सांगत राहिली आणि सुनंदा दर वेळी पूर्ण ऐकत राहिली, जणू या वेळी शेवट वेगळा असेल.

"बंद ठेवायलाच लावतात, तिनेच सांगितलं होतं ना," मी म्हणालो.

"हो," सुनंदा म्हणाली. तिने कठडा धरला. रडली नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मला सारखं आठवत होतं की ती परत जाऊ म्हणाली होती, दोनदा, आणि मीच नको म्हणालो होतो. खाली पिवळ्या जाकिटांची धावपळ चालली होती. तिसऱ्या एका क्रेनला लोखंडी पाळणा अडकवून वर नेत होते. आमच्यामागे लोक काय वाटेल ते बोलत होते. तीन गेले. नाही, एकच. कोणी मॅडम होती म्हणे. ते शेवटचं सुनंदानेही ऐकलं असणार.

फोन वाजला तो अनोळखी नंबरवरून.

"मम्मी, मैं ठीक हूँ. मैं नीचे हूँ. सुन रही हो? मैं नीचे थी."

सुनंदाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आमच्या लहानपणीही कधी ऐकला नव्हता. "जिवंत आहे! दादा, माही पोट्टी जिवंत आहे!" ती माझ्या गळ्यात पडली. मीही हसत होतो, रडत होतो. दुर्बीणवाल्यांनी माझी पाठ थोपटली, एका अनोळखी बाईने सुनंदाला पाण्याची बाटली दिली. आजूबाजूचे लोक "चलो, अच्छा हुआ" म्हणू लागले.

मग मला रमशीला दिसली. टोपलीशेजारी ती उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. आपली पाळी कधी येते म्हणून रांगेतलं माणूस बघतं, तशी ती बघत होती.

मी सुनंदाचा फोन घेतला. "प्रज्ञा, इथे एक बाई आहे. तिचा नवरा वर होता. तो कसा आहे?"

"नाम क्या है, मामा? जल्दी बोलिए."

मी रमशीलाला विचारलं. ती म्हणाली, "टिकेश के ददा." टिकेशचे वडील.

"त्यांचं नाव सांगा. नाम."

तिने मान हलवली. सुनंदा आता भानावर आली होती. "नाव घेत नाहीत दादा इकडच्या बाया नवऱ्याचं," ती म्हणाली. मग रमशीलाच्या दोन्ही दंडांना धरून तिने सांगितलं, "बता बाई. आज ले. बिना नाम के वो लोग कैसे बताएँगे?"

रमशीलाने पदर डोक्यावर ओढला, तोंड नदीकडे फिरवलं आणि म्हणाली, "मनहरन."

मी ते फोनमध्ये सांगितलं. पलीकडचा आरडाओरडा तेवढा ऐकू आला.

"प्रज्ञा?"

"उनको गेट पर ले आइए, मामा. अभी."

उंचवट्यावरून गेटपर्यंतचा रस्ता पाव किलोमीटरसुद्धा नसेल. मला तो संपेना. रमशीला पुढे, चपला हातात घेऊन, सुनंदा तिचा हात धरून, मी मागे. टोपली दुर्बीणवाल्या गृहस्थांनी उचलून घेतली होती आणि तेही धापा टाकत येत होते. प्रज्ञाने 'ठीक आहे' म्हटलं नव्हतं. 'नाही' असंही म्हटलं नव्हतं. एवढ्या दोन गोष्टींवर मी ते अंतर चाललो.

गेटवर गर्दी, पहारेकरी, दोरी. प्रज्ञा दोरीच्या आत उभी होती. चेहरा, केस, पापण्या, सगळं सिमेंटने पांढरं. सुनंदा तिच्याकडे धावेल असं मला वाटलं होतं. पण तिने आधी रमशीलाला पुढे केलं.

"वही लटके थे बेल्ट पर," प्रज्ञा म्हणाली. "उतार लिया है. पैर टूटा है, बुरी तरह टूटा है. पर होश में हैं. बात कर रहे हैं. आपको बुला रहे हैं."

रमशीला मटकन जमिनीवर बसली. दोन्ही हातांनी तिने माती धरली. मग उठली, आणि प्रज्ञाच्या मागे ॲम्बुलन्सकडे गेली. त्यांच्याबरोबर कोणाला न विचारता सुनंदाही गाडीत चढली. ॲम्बुलन्सच्या नुसत्या आवाजाने दचकणारी माझी बहीण आत बसून दवाखान्यात गेली.

प्रज्ञा आणि मी गेटपाशी राहिलो. पाण्यात पडलेलं हेल्मेट सर्व्हे करणाऱ्या एका साहेबाचं होतं. तो खांबाच्या पलीकडच्या कडेला दबून बसला होता, म्हणून माझ्या मोजणीत आला नव्हता. सातवा, पिवळ्या हेल्मेटवाला, त्या साहेबाच्याच शेजारी होता (लटकलेला मनहरन मी मोजलेल्या चारांतच होता). दोघांना खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. आणि प्रज्ञा?

"दस मिनट पहले उतरी थी, मामा. एक रजिस्टर नीचे रह गया था."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बेल्ट भी मैंने ही चेक किया था, और ऊपर जाने का साइन भी मैंने ही किया था. दोनों मेरे ही साइन हैं."

आणि मग ती मराठीत म्हणाली, लहानपणी बोलायची तशी, "मामा, मले लय भेव वाटलं."

मी तिला जवळ घेतलं. तेवढंच करता आलं. बत्तीस वर्षांत मुलांना दिलेले सगळे सल्ले मी मनात उलटून पाहिले. त्यातला एकही कामाचा नव्हता.

काम चौकशीसाठी थांबवलं गेलं. प्रज्ञाचे जबाब झाले. क्रेनमध्ये काय बिघडलं ते मी निघेपर्यंत ठरलं नव्हतं. मनहरनच्या पायात सळी घातली. सुनंदा दोन दिवस दवाखान्यात डबा घेऊन गेली, एकदा मीही गेलो. मनहरन अंगाने बारीक, बोलका माणूस निघाला. "मैडम रोज चिल्लाती थीं, बेल्ट का हुक लगा, हुक लगा. हम लोग पीछे से हँसते थे," तो मला म्हणाला. रमशीला खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मी मुद्दाम विचारलं, "इनका नाम क्या है?" तिने तोंडावर पदर घेतला आणि हसली. पुन्हा काही तिने ते नाव घेतलं नाही.

अपघातानंतर चौथ्या दिवशी सकाळी प्रज्ञाने बूट घातले. काम पुन्हा सुरू व्हायचं होतं. सुनंदाने डबा भरून तिच्या हातात दिला आणि दार लागेपर्यंत उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तू तिले काही बोलला नाही न?"

"नाही."

"मले अजूनबी वाटते का तिनं सोडावी," ती म्हणाली. "रोज वाटन. पण मी आता म्हणणार नाही. तूबी म्हणू नको."

दुपारच्या गाडीने मी निघालो. रायपूर सुटल्यावर थोड्याच वेळात गाडी खारून ओलांडते. मी खिडकीला नाक लावून ते राखाडी खांब दिसतात का पाहिलं. दिसले नाहीत, ते बरेच खाली, दुसऱ्या वळणावर आहेत. डब्यात लोक शेंगा खात होते, पूल गेला हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. प्रज्ञाचा आवाज ऐकला त्या क्षणापासून रमशीला दिसेपर्यंत मध्ये दोन मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांत वर पट्ट्याला एक माणूस लोंबकळत होता आणि मी आनंदाने रडत होतो. तो आपला नव्हता, एवढंच त्या आनंदाचं कारण होतं. यात माझा दोष किती हे मला ठरवता आलेलं नाही. पण ती दोन मिनिटं मी विसरू शकत नाही.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "समजावलंत का पोरीला?" मी नाही म्हणालो. सुनंदाने मला बोलावलं होतं ते तिची काळजी कमी करायला. ती मी कणभरही कमी करून आलो नाही. फक्त आता संध्याकाळी सात वाजले की रायपूरला ती घड्याळाकडे बघते, आणि वर्ध्याला मी. सव्वासातच्या आत सुनंदाचा फोन येतो. एकच शब्द असतो, "आली." मग आम्ही दोघं, आपापल्या घरी, जेवायला बसतो.